साठीनंतरचा गल्ला

महाराष्ट्र सरकारने २०१९ मध्ये ‘मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम’ सुरू केला, तेव्हा अर्जदाराचं वय १८ ते ४५ असावं अशी अट घातली होती. महिला, मागासवर्गीय, माजी सैनिक यांना पाच वर्षांची सूट होती, म्हणजे पन्नाशीला दार बंद. याच राज्यात रोजगार हमीच्या कामावर माती उचलायला वयाची वरची मर्यादा नव्हती. माणूस सज्ञान असावा आणि अंगमेहनतीला तयार असावा, एवढं पुरत असे. सत्तरीच्या माणसाने पाटी उचलली तर चालत असे, पण पन्नाशी ओलांडलेल्या बाईने पापडाच्या धंद्यासाठी कर्ज मागितलं तर तिचं वय आड येत असे. ही विसंगती त्या एका योजनेपुरती नाही. उतारवयातल्या माणसाकडे आपण कसं पाहतो, ते तीतून दिसतं. त्याचे हात आपल्याला चालतात, त्याचा व्यवसाय मात्र आपण गंभीरपणे घेत नाही. खानदेशातल्या जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांपुरतं बोलायचं तर हे दुर्लक्ष महागात पडतं आहे. इथे साठीनंतरच्या लहान धंद्याला लागणारी सगळी सामग्री आहे. फक्त त्या धंद्याकडे भांडवलाच्या बाजूने न पाहता कसबाच्या बाजूने पाहायला हवं.

साठीला काम थांबतं ही समजूत पगारदारांची आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या ग्रामीण भागातले साठीपुढचे सुमारे ६६ टक्के पुरुष आणि २८ टक्के स्त्रिया काम करणाऱ्यांत मोजल्या गेल्या. शहरांत हेच प्रमाण पुरुषांत ४६ आणि स्त्रियांत ११ टक्के होतं. खेड्यात निवृत्तीचं वय असं काही नसतं. यावलचा केळी उत्पादक किंवा शिंदखेड्याचा कापूस पिकवणारा शेतकरी ५८ व्या वर्षी नारळ आणि शाल घेऊन घरी बसत नाही. शहरातली ११ टक्के स्त्रियांची संख्या तर अधिकच विचार करायला लावते. या स्त्रिया घरात दिवसभर राबतात, पण त्यांच्या राबण्याला पैशाचं मोल नसल्याने मोजणाऱ्याच्या रकान्यात ते येत नाही. उतारवयातला धंदा म्हणजे पुष्कळदा नवं काम सुरू करणं नसतंच. आधीपासून फुकट चाललेल्या कामाला भाव लावणं, एवढाच त्याचा अर्थ असतो.

खानदेशात निवृत्त माणसं कोण, हेही नीट पाहिलं पाहिजे. भुसावळला रेल्वेचं विभागीय मुख्यालय आहे, भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत, दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. जिल्हा परिषदांच्या शाळांतून दरवर्षी शिक्षक निवृत्त होतात. यांतल्या जुन्या भरतीच्या लोकांना पूर्ण निवृत्तिवेतन मिळतं. त्यांचा प्रश्न पोटाचा नाही, वेळेचा आणि उपयोगी राहण्याचा आहे. दुसरीकडे एसटीचे कर्मचारी, सूतगिरण्या आणि साखर कारखान्यांतले कामगार यांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली पेन्शन मिळते. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. जळगावची खानदेश मिल आणि धुळ्याची न्यू प्रताप मिल बंद पडल्या. साक्री तालुक्यातला पांझराकान आणि शिरपूरचा सहकारी साखर कारखानाही थंडावला. त्या कामगारांना धंदा हा छंद म्हणून सुचला नाही, दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून कोणी हातगाडी लावली, कोणी चहाची टपरी टाकली. हजार रुपयांत महिना काढणाऱ्याला ‘आता आराम करा’ असं सांगणं सोपं असतं, पण त्याच्या डाळ-तांदळाची सोय त्या सल्ल्यात नसते. या दोन गटांना एकच सल्ला लागू पडत नाही. तरी एक गोष्ट दोघांनाही सारखीच लागू आहे. हातची पुंजी गेली तर ती पुन्हा उभी करायला पुढे तीस वर्षांची नोकरी नाही.

इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. पंचविशीतला माणूस धंद्यात उतरतो तेव्हा त्याच्याकडे कसब थोडं आणि वर्षं भरपूर असतात. तो पैसा लावून शिकू शकतो, बुडून पुन्हा उभा राहू शकतो. साठीतल्या माणसाचं गणित बरोबर उलटं आहे. कसब आणि ओळखी भरपूर, चूक दुरुस्त करायला वर्षं थोडी. म्हणून त्याने धंद्यात पैसा कमीत कमी घालावा आणि कसब जास्तीत जास्त घालावं. प्रत्यक्षात घडतं नेमकं विरुद्ध. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम हातात येताच गाळ्याची अनामत, फर्निचर, काचेची कपाटं, उद्घाटनाची पत्रिका यांत पहिले पाच-सात लाख जातात. ज्या मालाची जन्मात खरेदी-विक्री केली नाही, त्याची एजन्सी घेतली जाते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के व्याज धरलं, तर पाच लाखांचे वर्षाला ४१,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ३,४०० रुपये घरबसल्या मिळतात. दुकानाने भाडं, वीज, नोकराचा पगार आणि मालाची नासधूस भागवून आधी हे ३,४०० रुपये मिळवायचे असतात. त्यानंतर जे उरेल ती मालकाच्या दिवसभराच्या बसण्याची मजुरी. हा हिशेब शटर उघडण्याआधी मांडला, तर निवृत्तांची निम्मी दुकानं उघडणारच नाहीत, आणि ते चांगलंच होईल.

‘मग पुंजी बँकेत ठेवून स्वस्थ बसणंच शहाणपणाचं नाही का?’ असा प्रश्न कोणी विचारेल. विचारणाऱ्याने जळगाव जिल्ह्यातल्या पतसंस्थांचा गेल्या दोन दशकांचा इतिहास आठवावा. चार आणे जादा व्याजाच्या आशेने निवृत्तांनी ठेवलेल्या ठेवी अनेक संस्थांत अडकल्या आणि पावत्या हातात घेऊन म्हाताऱ्या माणसांना खेटे घालावे लागले. पैसा हलवला नाही म्हणजे तो सुरक्षित राहिला असं होत नाही. पुंजीचा मोठा भाग सरकारी योजनेत किंवा भरवशाच्या बँकेत ठेवावा आणि अगदी लहान तुकड्यावर, जो गेला तरी जेवणाचं ताट हलणार नाही, धंदा करावा. यात धाडस नाही असं कोणी म्हणेल. साठीनंतर धाडसाची गरजच नाही.

वय वाढलं की धंदा जमत नाही, हे तर उघडच खोटं आहे. अमेरिकेत पिएर अझुले, बेंजामिन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जनगणना खात्याच्या नोंदींवरून धंदा सुरू करणाऱ्या लाखो लोकांची वयं तपासली. सर्वांत वेगाने वाढलेल्या हजारात एक कंपन्यांच्या संस्थापकांचं सरासरी वय ४५ निघालं, आणि पन्नाशीच्या संस्थापकाला मोठं यश मिळण्याची शक्यता तिशीच्या संस्थापकापेक्षा जवळपास दुप्पट दिसली. या अभ्यासाचा आधार घेताना सावध राहायला हवं. तो अमेरिकेतल्या पगारी माणसं ठेवणाऱ्या कंपन्यांबद्दल आहे, पारोळ्याच्या गृहउद्योगाबद्दल नाही, आणि ४५ म्हणजे ६५ नव्हे. पण त्यातलं एक निरीक्षण आपल्याही कामाचं आहे: ज्या क्षेत्रात धंदा काढला, त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांना यश अधिक मिळालं. जळगावला याचं मोठं उदाहरण समोरच आहे. भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेल विकण्यापासून सुरुवात केली, १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा जुना कारखाना घेऊन तिथे पपेन बनवायला सुरुवात केली, आणि ज्या ठिबक सिंचनामुळे त्यांचं नाव देशाबाहेर गेलं, ते काम ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यांची पन्नाशी जवळ आली तेव्हा हाती घेतलं. त्यांची उलाढाल इथे मोजपट्टी म्हणून वापरू नये. घ्यायचं ते इतकंच की ठिबककडे ते वळले तेव्हा शेतकऱ्याला बी-बियाणं, खतं, पाइप विकण्याची पाव शतकाची ओळख त्यांच्यामागे होती. वय त्यांच्या आड आलं नाही. त्या वयाने आणलेली ओळख कामाला आली.

साध्या माणसाच्या पातळीवर ही ओळख कुठे असते? वीज मंडळातून निवृत्त झालेल्या वायरमनला पंचक्रोशीतल्या कुठल्या विहिरीवर किती अश्वशक्तीची मोटार आहे, ते तोंडपाठ असतं. केळी आणि कापसाच्या हंगामात मोटार जळाली तर शेतकरी ती भरून देणारा माणूस शोधत फिरतो. अशा वेळी त्याचा दुरुस्तीचा ओटा घराच्या पडवीत चालतो, गाळा लागत नाही. रेल्वेच्या वर्कशॉपमधला फिटर, एसटी आगारातला मेकॅनिक, सातबारा आणि फेरफाराची भाषा जाणणारा महसुलातला कारकून, गणित शिकवलेला शिक्षक यांचीही गोष्ट तीच. यातल्या कोणालाही लाखाच्या वर गुंतवणुकीची गरज नाही.

पण खानदेशाची खरी श्रीमंती बायकांच्या हातात आहे आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे. उडदाचे पापड, कुरडया, शेवया, ज्वारीचे बिबडे, खापरावरचे मांडे, कळण्याची पुरी, हिरव्या वांग्याचं भरीत. हे पदार्थ पुस्तक वाचून येत नाहीत. बिबड्यांची ज्वारी किती दिवस भिजवायची, घाटा किती घट्ट ठेवायचा, ओल्या धोतरावर किती पातळ थापायचं, हे वर्षानुवर्षं करूनच हाताला कळतं. पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर फिरवत मोठा करायचा आणि फाटू न देता उलट्या खापरावर टाकायचा, हे जमणाऱ्या बायकांना आजही लग्नकार्यात शोधून बोलावतात, आणि त्यांत वयस्क बायका पुष्कळ असतात. पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेल्या खानदेशी घरांत ही चव हवी असते आणि करायला कोणी नसतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. थंडीत जळगावात भरीत केंद्रांवर गर्दी होते, किलोकिलोने भरीत बांधून नेलं जातं. मागणी आहे, नाव आहे, कच्चा माल दाराशी आहे. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. स्वयंपाकघरात मुरलेल्या ज्ञानाला महाराष्ट्रात गिऱ्हाईक आहे की नाही, याचा निकाल तेव्हाच लागला आहे.

शिवाय हे पदार्थ हंगामी आहेत, आणि उतारवयाच्या धंद्याला हंगाम ही मोठी सोय आहे. भरिताचे दिवस साधारण दिवाळीनंतरच्या थंडीचे, वाळवणाचे दिवस माघ-फाल्गुनापासून उन्हाळाभर. मधल्या काळात विश्रांती, दवाखाना, लेकीकडे जाणं, वारी. बारा महिन्यांचं भाडं डोक्यावर असलेलं दुकान अशी उसंत देत नाही.

अडचण शरीराची आहे आणि ती झाकून चालणार नाही. ज्या उन्हात पापड खडखडीत वाळतो, त्याच ४५ अंशांच्या उन्हात सत्तरीच्या बाईने गच्चीवर चढउतार करणं धोक्याचं आहे. उडदाचं घट्ट पीठ कुटणं हे दणकट खांद्यांचं काम आहे. मांड्याच्या चुलीपुढे तासन्‌तास बसवत नाही. म्हणून एकटीने सगळं करण्याचा हट्ट सोडावा लागतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्या संस्थेची हुशारी पापडाच्या चवीइतकीच तिच्या कामाच्या वाटणीत आहे. पीठ एका ठिकाणी मळून तयार होतं, बायका ते घरी नेऊन लाटतात, वाळवलेले पापड परत आणून देतात, आणि विकण्याची काळजी संस्था घेते. उतारवयाला नेमकी हीच रचना मानवते. खानदेशात गल्लीतल्या बायकांनी एकमेकींच्या घरी पापड लाटायला जाण्याची रीत आहेच. तिला बचत गटाची जोड द्यावी, कुटणं यंत्राकडे आणि उन्हातलं काम तरुण सभासदांकडे द्यावं, लाटणं, चव, प्रमाण आणि पारख थोरल्यांकडे राहावी. जळगावला भरणाऱ्या बहिणाबाई महोत्सवासारख्या ठिकाणी बचत गटांचे स्टॉल लागतात. तिथला चार दिवसांचा खप वर्षभर टिकवायचा, तर मालाचा दर्जा दर खेपेला तोच राहायला हवा. तो राखण्याचं काम या थोरल्या बायकांइतकं चांगलं कोणी करणार नाही.

घरातून चालणाऱ्या धंद्यात सर्वांत मोठी गळती भावाची असते. आयुष्यभर ज्या नणंदा-जावांना पापड फुकट लाटून दिले, त्यांच्याकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही. उधारी राहते, मापात सढळ हात पडतो, आणि स्वतःच्या मजुरीचा आकडा कुठे लिहिलाच जात नाही. डाळ, मसाला, सरपण आणि पिशवी यांचा खर्च वजा करून जे उरलं त्याला नफा म्हणायची सवय आहे. तो नफा नाही, ती मजुरी आहे आणि बहुतेक वेळा अपुरी. त्यासाठी एक साधी मोजपट्टी वापरता येते. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. सगळा खर्च वजा जाता दिवसभराच्या कामाचे माणशी ३१२ रुपये सुटत नसतील, तर भाव वाढवला पाहिजे किंवा तो पदार्थ बंद केला पाहिजे. राबणाऱ्या बाईला माती उचलण्यापेक्षा कमी मोल मिळावं आणि घरच्यांनी त्याला तिचा विरंगुळा म्हणावं, हे मला मान्य नाही.

या सगळ्यावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे: जन्मभर चूल सांभाळलेल्या बाईला म्हातारपणी पुन्हा चुलीपाशी बसवायचं, यात कसली प्रगती? आक्षेप खरा आहे. धंद्याच्या नावाखाली सासूने सुनेसाठी आणि आजीने नातवांच्या फीसाठी राबत राहायचं आणि पैसा घरातल्या पुरुषाच्या खिशात जायचा, असं झालं तर तो धंदा नसून जुनीच वेठ आहे. म्हणून दोन अटी सोडता येत नाहीत. बँकेचं खातं तिच्या एकटीच्या नावावर हवं आणि नको त्या दिवशी ‘आज नाही’ म्हणण्याचा अधिकार तिचा हवा. या दोन गोष्टी असतील तर तेच काम तिला वेगळा मान मिळवून देतं. औषधाच्या गोळ्यांसाठी मुलाकडे हात पसरावा न लागणं ही लहान गोष्ट नाही.

म्हातारे धंद्यात आले तर तरुणांचं काम जातं, असंही कोणी म्हणतं. खानदेशातला तरुण पुण्याच्या, नाशिकच्या, सुरतेच्या वाटेला लागला आहे. आजीने बिबडे विकले म्हणून त्याची जागा अडलेली नाही. उलट तिने आज चार जणींना शिकवलं नाही, तर पुढे ते करणारं कोणी राहणार नाही. तिचा धंदा चालला तर पीठ कुटायला, पाकिटं भरायला, कुरिअरला पोचवायला तरुण हातच लागणार आहेत.

सरकारी योजनांकडे या नजरेने पाहिलं, तर बऱ्याच ठिकाणी दार अर्धं उघडं दिसतं. केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात वयाची वरची अट नाही, पण त्याची आखणी मोठ्या प्रकल्पांच्या अंगाने आहे. मुद्रा योजनेतलं ५०,००० रुपयांपर्यंतचं शिशु कर्ज विनातारण आहे आणि आपल्या कामाला ते बेताचं बसतं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चर्मकार अशा अठरा व्यवसायांना ५ टक्के दराने कर्ज आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. वयाची वरची अट तिथेही नाही. पण त्या अठरात स्वयंपाकाचं, वाळवणाचं एकही काम नाही. खापरावर मांडा टाकणारी बाई कारागीर नाही, असं कोणी ठरवलं? सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत बचत गटाच्या सभासदाला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळू शकतं. ही वाट सर्वांत जवळची आहे आणि साठीपुढच्या बायकांपर्यंत ती पोचवणं हे जिल्हा परिषदेच्या यंत्रणेला सहज शक्य आहे. बँकांनी परतफेडीची मुदत वयाशी ताडून पाहणं समजू शकतं. पण ५०,००० च्या कर्जाला दोन-तीन वर्षं लागतात, वीस नाही. तिथे वयाचा बाऊ करण्याचं कारण नाही. विश्वकर्मा योजनेच्या यादीत पारंपरिक खाद्यपदार्थ करणाऱ्यांचा समावेश व्हावा, ही मागणी खानदेशच्या खासदारांनी उचलून धरावी. त्यासाठी वेगळ्या तिजोरीची गरज नाही.

उरतो गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याचा, म्हणजे फोनचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर घरातच आहे. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे सत्तरीच्या आसपास असताना नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ म्हणून यूट्यूबवर आल्या आणि महाराष्ट्रभर पोचल्या. आजीने चव सांभाळली, नातवाने फोन सांभाळला. प्रत्येक घराला लाखो प्रेक्षक मिळणार नाहीत आणि त्यांची गरजही नाही. शंभर बांधलेली गिऱ्हाइकं, त्यांचा एक व्हॉट्सॲप गट आणि वेळेवर जाणारं पार्सल, एवढ्यात घरगुती धंदा नीट चालतो.

खानदेशाबाहेर राहणाऱ्या मुला-मुलींना म्हणून एक सांगणं आहे. दिवाळीला गावी जाल तेव्हा आई-वडिलांना दुकान काढून देण्याचा बेत करू नका. त्यांना काय येतं आणि ते करायला त्यांना आवडेल का, हे विचारा. हो म्हणाले, तर एक हंगाम घरातूनच विकून बघा, वहीत रोजचा खर्च आणि माणशी सुटलेली मजुरी लिहा, आणि मग पुढचं ठरवा. कागदपत्रांचं काम तुम्ही करून द्या. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, तिच्यासाठी कोणत्याही एजंटला पैसे देऊ नका. खाद्यपदार्थांच्या लहान धंद्याला अन्न सुरक्षा नोंदणी लागते, आणि तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे.